पंडिता रमाबाईंची अमेरिका

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून १८८९ साली एक पुस्तक बाहेर पडले. त्याचे नाव 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', आणि लेखिका पंडिता रमाबाई. नावात 'लोकस्थिती' आधी येते आणि 'प्रवासवृत्त' नंतर, आणि पुस्तकाचा तोलही तसाच आहे. प्रवासाचा भाग थोडका आहे. बाकीचे पुस्तक अमेरिकेतला राज्यकारभार, घरसंसार, शाळा-कॉलेजे, धर्मपंथ, दानधर्म, स्त्रियांची स्थिती आणि उद्योगव्यापार यांवर आहे. परदेशात जाऊन आलेल्या माणसाने तिथल्या उंच इमारतींची आणि आगगाड्यांची वर्णने करावीत, ही त्या काळची अपेक्षा होती. रमाबाईंनी त्या देशातले कायदे कसे होतात, ते कोणाला लागू पडतात आणि कोणाला वगळतात, हे तपासले.

अमेरिकेबद्दल मराठीत पुढे पुष्कळ लिहिले गेले. आज अहमदपूर, उदगीर, नांदेडच्या घराघरांतली मुले तिकडे शिकायला आणि नोकरीला जातात, आणि अमेरिकेबद्दलची मते फोनवरून रोज घरी येतात. तरीही या विषयावर विचारपूर्वक मत कसे बनवावे याचा नमुना शोधायचा, तर रमाबाईंच्या या पुस्तकाइतका चांगला नमुना मराठीत दुसरा सहज सापडत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना विरोध सोसावा लागला. मुलांना संस्कृत आईनेच शिकवले. पुराणे सांगत, तीर्थे करत हे कुटुंब वर्षानुवर्षे देशभर पायी हिंडले. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास चालत चालत पुढे निघाले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढच्या चार वर्षांत भावाचा मृत्यू, बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी १८७२ च्या विवाह कायद्याखाली आंतरजातीय विवाह, मुलगी मनोरमेचा जन्म आणि पतीचा मृत्यू एवढे सगळे घडून गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्या विधवा होत्या आणि पदरात लहान मूल होते. १८८२ मध्ये पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण मिळावे, अशी मागणी केली.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की अमेरिकेला पोचलेली ही बाई नवखी प्रवासी नव्हती. हिंदुस्थानचा फार मोठा भाग तिने पायाखाली घातला होता. धर्मशाळा, घाट, देवळे, दुष्काळात मरणारी माणसे, विधवांचे हाल हे सगळे तिने डोळ्यांनी पाहिले होते. परक्या ठिकाणी जाऊन लोक कसे राहतात हे टिपण्याची सवय तिला यात्रेच्या वाटेवरच लागली होती.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या धर्मांतराने पुण्यात वादळ उठले. इंग्लंडमध्येही सगळे सुरळीत नव्हते. धर्माविषयी स्वतः विचार करण्याचा हक्क त्या सोडायला तयार नव्हत्या, आणि मठातल्या व चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशी त्यांचे पत्रव्यवहारातून खटके उडत होते.

अशातच अमेरिकेहून बोलावणे आले. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. त्या रमाबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळणार होती. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी या समारंभाला रमाबाईंना आमंत्रण दिले. रमाबाई मनोरमेला घेऊन फेब्रुवारीत लिव्हरपूलहून निघाल्या आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात फिलाडेल्फियाला उतरल्या. समारंभापुरत्या आलेल्या रमाबाई त्या देशात जवळजवळ पावणेतीन वर्षे राहिल्या. मुलीला त्यांनी मध्यंतरी परत इंग्लंडला पाठवले. आनंदीबाई मात्र क्षयाने खंगलेल्या अवस्थेत मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातली त्यांची नेमणूक कागदावरच राहिली. मृत्यूच्या वेळी त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

रमाबाई गेल्या त्या वेळच्या अमेरिकेत ३८ राज्ये होती. १८८० च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर होती. ग्रोव्हर क्लीव्हलंड अध्यक्ष होते. यादवी युद्ध संपून आणि गुलामगिरी कायद्याने बंद होऊन वीस वर्षे झाली होती. दोन महासागरांना जोडणारी रेल्वे १८६९ मध्येच पुरी झाली होती, त्यामुळे रमाबाई पूर्व किनाऱ्यापासून कॅलिफोर्नियापर्यंत व्याख्याने देत फिरू शकल्या. १८८७ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या राज्यघटनेची शताब्दी साजरी झाली तेव्हा त्या तिथेच होत्या. ती घटना १७ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियात सह्या होऊन तयार झाली होती. मराठवाड्याच्या वाचकाला १७ सप्टेंबर ही तारीख वेगळ्या कारणाने पाठ आहे. १९४८ मध्ये त्याच तारखेला निजामाची राजवट संपली.

राज्यव्यवस्थेवरचा भाग लिहिताना रमाबाईंसमोर जो वाचक होता, त्याच्या डोक्यावर राणी होती, व्हाइसरॉय होता, कलेक्टर होता. यांपैकी एकालाही त्या वाचकाने निवडलेले नव्हते. राष्ट्रीय सभेची स्थापना होऊन तीन-चार वर्षेच झाली होती. अशा वाचकाला रमाबाई सांगतात की या देशात राजा नाही, देशाचा प्रमुख चार वर्षांसाठी निवडला जातो आणि मुदत संपली की तो पुन्हा साधा नागरिक होतो. सरकारी तिजोरीतून कोणत्याही धर्मपंथाला पोसले जात नाही. इंग्लंडबद्दल थेट कडवट काही न बोलताही त्यांच्या वर्णनातून एक तुलना सतत पुढे येत राहते. ज्या लोकांनी इंग्रजांचे राज्य झुगारले, त्यांनी शंभर वर्षांत काय उभे केले, हे त्या मराठी माणसाला दाखवत होत्या. इंग्रजी अमलाखाली छापलेल्या पुस्तकात हे सांगायला धैर्य लागत होते.

अमेरिकेच्या व्यवस्थेतली सर्वांत अवघड गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायची तर ती संघराज्याची. तिथे केंद्राची घटना एक, आणि प्रत्येक राज्याचीही स्वतःची घटना वेगळी. विवाह, घटस्फोट, मालमत्ता, मुलांचा ताबा, फौजदारी गुन्हे यांविषयीचे कायदे बहुतांशी राज्येच करतात. एका राज्यात जे चालते ते शेजारच्या राज्यात गुन्हा ठरू शकते. हे ऐकून नवल वाटते, पण त्या काळच्या अहमदपूरकराला ते अनुभवाने ठाऊक असणार. अहमदपूरचा भाग निजामाच्या मुलखात, बीदर जिल्ह्यात होता. १९५६ पर्यंत तो बीदरमध्येच राहिला, मग उस्मानाबादला आणि १९८२ पासून लातूरला जोडला गेला. तिथला शेतकरी लातूरवरून बार्शीच्या बाजाराला गेला, की निजामाची हद्द ओलांडून इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात शिरत असे. दोन्हीकडचे कायदे वेगळे होते आणि कचेऱ्यांची भाषाही वेगळी. फरक एवढाच, की अमेरिकेतल्या राज्यांचे कायदे तिथल्या लोकांनी निवडलेले प्रतिनिधी करत, आणि या दोन मुलखांपैकी कुठेही तसे नव्हते.

अमेरिकेच्या घटनेकडे मराठी माणसाने आणखी बारकाईने पाहिले ते साठेक वर्षांनी, आणि तो माणूस होता डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तीन वर्षे तिथे शिकले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना त्यांनी अमेरिकेच्या व्यवस्थेशी सविस्तर तुलना केली. अमेरिकेचा अध्यक्ष कायदेमंडळाला जबाबदार नसतो आणि त्याला मुदतीपूर्वी हलवणे जवळपास अशक्य असते. भारताने मात्र दररोज जाब देणारे मंत्रिमंडळ निवडले. अमेरिकेत नागरिकत्व दुहेरी आहे, केंद्राचे एक आणि राज्याचे एक. भारतात नागरिकत्व एकच ठेवले. अमेरिकेतले मूलभूत हक्क निरपवाद आहेत आणि भारतातले अपवादांनी पोखरलेले, असा आक्षेप घेतला जात होता. त्यावर आंबेडकरांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांकडे बोट दाखवले, त्यांत गिटलो विरुद्ध न्यूयॉर्क या खटल्याचा दाखला होता. तिथेही हक्कांना मर्यादा आहेतच, त्या न्यायाधीशांनी घातल्या एवढेच, असे त्यांनी स्पष्ट केले. त्या भाषणाच्या जेमतेम सात आठवडे आधी हैदराबाद संस्थान भारतात आले होते. कालपर्यंत निजामाची प्रजा असलेल्या मराठवाड्याच्या माणसाला एकच नागरिकत्व या तरतुदीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुणेकराचा आणि अहमदपूरकराचा दर्जा त्या एका कलमाने सारखा झाला.

रमाबाईंच्या पुस्तकाचा गाभा मात्र स्त्रियांच्या स्थितीवरचे प्रकरण हाच आहे. त्यावर त्यांनी सर्वांत जास्त कष्ट घेतले आहेत आणि वाचकानेही तिथेच सर्वांत जास्त थांबावे.

अमेरिकेतल्या बायका पूर्वीपासूनच मोकळ्या होत्या, असा समज हिंदुस्थानात तेव्हाही होता आणि आजही आहे. रमाबाईंनी तो खोडून काढला. त्यांनी इतिहास तपासला. इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनो १८३४ ते १८३६ या काळात अमेरिकेत फिरली होती. शिक्षिका होणे, शिवणकाम, घरात भाडोत्री जेवायला ठेवणे, कापडगिरणीत राबणे, छापखान्यात खिळे जुळवणे, पुस्तकबांधणी आणि घरकाम, एवढेच सात धंदे त्या वेळी तिथल्या स्त्रीला खुले होते, असे मार्टिनोच्या नावावर सांगितले जाते. रमाबाई पोचल्या तेव्हा पन्नास वर्षांत स्त्रिया डॉक्टर, वकील, संपादक, धर्मोपदेशक झाल्या होत्या. मधल्या पन्नास वर्षांत हे कोणी आणि कसे घडवले, हाच त्यांचा खरा प्रश्न होता.

कायद्याच्या बाबतीत सुरुवातीची स्थिती तर वाईटच होती. इंग्रजी कायद्याचा जो वारसा अमेरिकेला मिळाला, त्याप्रमाणे लग्न झाल्यावर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरून जाई. तिची मालमत्ता, तिने कमावलेला पगार आणि मुलांवरचा ताबा हे सारे नवऱ्याचे. ती स्वतःच्या नावाने करार करू शकत नसे. हिंदू कायद्यातल्या स्त्रीधनाइतके संरक्षणही तिला कित्येक राज्यांत नव्हते. ही गोष्ट त्या काळच्या मराठी सुधारकांनी आणि सनातन्यांनी, दोघांनीही, नीट लक्षात घ्यायला हवी होती. न्यूयॉर्क राज्याने १८४८ मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला आणि मग एकेका राज्यात तसे कायदे होत गेले. मतदानाचा हक्क वायोमिंगने १८६९ मध्ये दिला. कॅन्सस राज्याने १८८७ मध्ये नगरपालिकांपुरता तो दिला आणि त्याच वर्षी तिथल्या आर्गोनिया या छोट्या गावात सुझॅना सॉल्टर ही बाई नगराध्यक्ष म्हणून निवडून आली. कॅन्ससच्या या घडामोडी रमाबाईंच्या मुक्कामातल्याच आहेत. देशभरच्या स्त्रियांना मत मिळायला मात्र १९२० साल उजाडावे लागले. स्वतंत्र भारताने आपल्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत ते सगळ्या प्रौढ स्त्रियांना दिले.

रमाबाई अमेरिकेत होत्या त्या काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला चालू होता. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये निकाल उलटला आणि नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. रमाबाईंनी अमेरिकेत असतानाच या प्रकरणावर लिहिले. इंग्रज सरकारचा कायदा आणि हिंदू रूढी एकत्र आल्या की स्त्रीला वाट उरत नाही, हे त्यांनी त्यातून अमेरिकी वाचकांपुढे ठेवले. त्यांचे 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फियात छापले गेले आणि आपल्या आईला अर्पण केलेले हे पुस्तक हजारोंनी खपले.

अमेरिकी स्त्रियांच्या बळाचे उगमस्थान रमाबाईंना त्यांच्या संस्थांमध्ये सापडले. हे त्यांचे सर्वांत मोलाचे निरीक्षण म्हणावे लागेल. दारूबंदीसाठी लढणारी विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन १८७४ मध्ये स्थापन झाली होती आणि फ्रान्सिस विलर्ड या तिच्या अध्यक्ष होत्या. गावोगावी शाखा, शाखांची राज्यसंघटना, राज्यांची देशव्यापी संघटना, प्रत्येक ठिकाणी बायकांनीच निवडलेल्या चिटणीस आणि खजिनदार, बायकांनीच ठेवलेला हिशेब, बायकांनीच काढलेले वर्तमानपत्र अशी तिची रचना होती. ज्या देशात स्त्रीला मत नव्हते तिथे लाखाहून जास्त स्त्रिया सभा भरवत होत्या, ठराव करत होत्या आणि कायदेमंडळांना अर्ज पाठवत होत्या. राजकारण शिकण्याची ही शाळाच होती. रमाबाई स्वतः या संघटनेच्या वतीने बोलल्या. मार्च १८८८ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्त्रीपरिषदेतही त्यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांची बाजू मांडली.

हे बारकावे मराठीत उतरवताना त्यांचा हेतू उघड होता. सभेचे कामकाज कसे चालवावे, वर्गणी कशी गोळा करावी, हिशेब कसा जाहीर करावा, या साध्या गोष्टी मराठी बायकांपर्यंत पोचाव्यात, असे त्यांना वाटत होते. आज मराठवाड्यात गावोगावी महिला बचत गट आहेत. अध्यक्ष, सचिव, बैठकीचे इतिवृत्त आणि बँकेचे पासबुक ही त्या बायकांच्या रोजच्या व्यवहारातली गोष्ट झाली आहे. १८८९ मध्ये हे सारे मराठी वाचकाला पुस्तकातून समजावून सांगावे लागत होते.

शिक्षणाबद्दल त्यांनी लिहिले ते त्याच ओढीने. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा, मुलामुलींचे एकत्र वर्ग, सार्वजनिक वाचनालये आणि व्हॅसर, वेल्स्ली, स्मिथ यांसारखी स्त्रियांची कॉलेजे यांनी त्या भारावून गेल्या. फ्रोबेलच्या बालशिक्षणपद्धतीचे, म्हणजे किंडरगार्टनचे, त्यांनी फिलाडेल्फियात शिक्षण घेतले. खेळातून आणि हाताने वस्तू करून मुलाला शिकवावे, ही कल्पना त्यांना हिंदुस्थानात काढायच्या आपल्या शाळेसाठी हवी होती. घरे, जेवणखाण, हिवाळा यांची वर्णनेही पुस्तकात आहेत, पण ती वाचनीय असली तरी त्यांच्यात पुस्तकाचे वजन नाही.

रमाबाईंची स्तुती आंधळी नव्हती. कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला आणि चुकीच्या किनाऱ्याला लागला. तिथल्या लोकांना त्याने 'इंडियन' म्हटले आणि ते नाव त्यांना कायमचे चिकटले. स्वतः हिंदुस्थानची असलेल्या लेखिकेला या नावातला घोटाळा जाणवल्याशिवाय राहिला नाही. गोऱ्यांनी त्या मूळ रहिवाशांना कसे हुसकावले आणि करार कसे मोडले, याबद्दल त्यांनी कठोर लिहिले आहे. त्या तिथे असतानाच १८८७ मध्ये डॉज कायदा झाला. आदिवासी टोळ्यांची सामाईक जमीन या कायद्याने वैयक्तिक तुकड्यांत वाटली, आणि पुढच्या काही दशकांत त्यातली फार मोठी जमीन गोऱ्यांच्या हाती गेली.

काळ्या लोकांविषयीचा दुजाभावही रमाबाईंच्या नजरेतून सुटला नाही. गुलामगिरी संपली, मतदानाचा हक्क कागदावर मिळाला, पण रंगावरून माणसाला हिणवणे चालूच होते. या विषयाशी मराठी विचाराचे नाते आधीच जुळलेले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचे अनुकरण करावे, अशी आशा व्यक्त केली. फुले अमेरिकेला कधी गेले नाहीत. तरी जात आणि गुलामगिरी यांच्यातले साम्य त्यांनी पुण्यात बसून ओळखले होते. १९४६ मध्ये आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र पाठवून संयुक्त राष्ट्रसंघापुढे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागवली, तेव्हा हाच धागा पुढे गेला.

फॅशनबद्दल रमाबाईंचा सूर तर चांगलाच तिखट आहे. कमर आवळणारे घट्ट पोशाख आरोग्य बिघडवतात, टोपीवर मिरवण्यासाठी पक्ष्यांचे जीव घेतले जातात, आणि एवढ्या शिकलेल्या बायका हे सोडत नाहीत, याची त्यांना खंत होती. कामाच्या मोबदल्यात पुरुषाला एक पगार आणि स्त्रीला दुसरा, हेही त्यांना खटकले.

तरी या पुस्तकाच्या मर्यादा सांगायलाच हव्यात. रमाबाईंची अमेरिका मुख्यतः सुशिक्षित, मध्यमवर्गीय, चर्चशी जोडलेल्या गोऱ्या सुधारकांची अमेरिका होती. त्यांना बोलावणारे, घरी उतरवून घेणारे आणि देणग्या देणारे लोक हेच होते. त्यामुळे ख्रिस्ती धर्माचा प्रभाव आणि देशाची प्रगती यांचा संबंध त्या फार सहज जोडतात. मे १८८६ मध्ये शिकागोच्या हेमार्केट चौकात आठ तासांच्या कामासाठी झालेल्या आंदोलनातून स्फोट झाला, माणसे मेली, आणि पुढच्या वर्षी चार कामगार नेत्यांना फाशी झाली. या दुसऱ्या अमेरिकेला, म्हणजे कारखान्यातल्या मजुराच्या अमेरिकेला, त्यांच्या पुस्तकात पुरेशी जागा मिळाली नाही. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली होती. आशियातून आलेल्या प्रवाशाने त्या कायद्यावर अधिक लिहायला हवे होते.

पण या उणिवांमुळे पुस्तकाची किंमत कमी होत नाही. रमाबाई अमेरिकेकडे एक काम मनात धरून पाहत होत्या. हिंदुस्थानातल्या उच्चवर्णीय विधवांसाठी त्यांना शाळा काढायची होती. पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीला त्या एकच प्रश्न विचारत होत्या, की हे आपल्याकडे चालेल का. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल तिचे अध्यक्ष होते. शाळेत धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होणार नाही, या पायावर तिने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे मान्य केले. गावोगावच्या रमाबाई मंडळांतून अमेरिकी बायकांनी छोट्या छोट्या वर्गण्या भरल्या.

१८८८ च्या अखेरीस रमाबाई सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्या आणि जपान, हाँगकाँगमार्गे फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईला पोचल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांची शाळा 'शारदासदन' उघडली. तीन वर्षांपूर्वी याच तारखेला आनंदीबाईंना पदवी मिळाली होती. पुढच्या वर्षी शारदासदन पुण्याला हलले. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला, आणि कर्व्यांनी पुढे स्त्रीशिक्षणाचे जे काम उभे केले त्याच्या मुळाशी शारदासदनातला हा अनुभव होता. त्याच वर्षी सदनातल्या मुलींना ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढले जाते, या आरोपावरून मोठा वाद झाला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून घेतल्या. पुण्यातल्या सुधारकांचा पाठिंबाही गेला. अमेरिकेवरचे त्यांचे पुस्तकही या वादाखाली दबले. ज्या मराठी वाचकासाठी ते लिहिले होते, त्याने लेखिकेचा धर्म पाहिला आणि तिने गोळा केलेली माहिती बाजूला ठेवली. मराठी समाजाचे यात मोठे नुकसान झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते पुस्तक पुन्हा छापले गेले, आणि २००३ मध्ये त्याची दोन स्वतंत्र इंग्रजी भाषांतरे अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एक मीरा कोसंबी यांचे आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा आणल्या आणि पुण्याजवळ केडगावला मुक्तिसदन उभारले. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे तिथे मुलीच करत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतरही तिथल्याच छापखान्यात छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या तिथेच वारल्या. लातूरहून पुण्या-मुंबईला जाणारी गाडी दौंड सोडल्यावर केडगाव स्थानकावरून जाते. रमाबाईंची संस्था तिथे आजही चालू आहे.